डोंबिवलीतील नोकरदार स्त्रियांचे व्यवसाय

ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील डोंबिवली हे मध्य रेल्वेवरील उपनगर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 48 किमी. अंतरावर असून, 1983 साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतील जागा वाढत्या कुटुंबांना अपुरी पडू लागल्यावर पगारदार मराठी मध्यमवर्ग मोठ्या संख्येने येथे येऊन राहिला, आणि मालकीच्या घराचे हप्ते एका पगारात भागेनासे झाल्याने अशा अनेक घरांत स्त्रीची नोकरी ही हौस न राहता गरज ठरली. तथापि येथील स्त्रियांच्या व्यवसायांचे स्वरूप केवळ मुंबईला जाणाऱ्या नोकरदारणीकडे पाहून कळत नाही. तिची नोकरी टिकावी म्हणून मागे गावात ज्या स्त्रिया मोबदला घेऊन राबतात, त्यांचे व्यवसाय त्याच साखळीचा भाग आहेत.

मुंबईतील नोकऱ्यांमध्ये आरंभी शिक्षिका, परिचारिका, दूरध्वनी केंद्रातील ऑपरेटर आणि कचेरीतील लिपिक व टंकलेखिका ही कामे प्रमुख होती. शालान्त परीक्षेनंतर टायपिंगच्या क्लासला जाऊन मिनिटाला मराठी 30 व इंग्रजी 40 शब्दांची सरकारी परीक्षा देणे हा नोकरीच्या वाटेवरचा जवळजवळ ठरलेला टप्पा असे. 1956 मध्ये स्थापन झालेले आयुर्विमा महामंडळ आणि 1969 मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या 14 बँका यांच्या विस्तारामुळे कारकुनी नोकऱ्यांचे क्षेत्र वाढले, तर राज्याच्या 1994 च्या महिला धोरणाच्या काळात शासकीय सेवेत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखीव झाल्या. संगणकाने टंकलेखिकेचे पद मागे टाकले. पुढे 2004 मध्ये ठाणे-वाशी मार्गावर लोकल धावू लागल्यानंतर ऐरोली व महापे येथील संगणक आणि कॉलसेंटर कंपन्या आवाक्यात आल्या, आणि प्रवासाची दिशा केवळ दक्षिण मुंबईची राहिली नाही. डोंबिवलीच्या स्वतःच्या औद्योगिक वसाहतीत औषधे, रसायने व कापडप्रक्रिया यांचे कारखाने असले, तरी तेथे स्त्रियांच्या वाट्याला बहुधा वेष्टन, तपासणी व साफसफाई अशी कंत्राटी कामे येतात.

गावाबाहेरच्या नोकऱ्यांचा दिवस कचेरीच्या वेळेपेक्षा लोकलच्या वेळापत्रकावर बेततो. जलद गाडीने तासाहून अधिक लागणारा प्रवास, त्याआधी स्वयंपाक, डबे व पाणी भरणे, अशी वेळेची ओढाताण असल्याने महिला डब्यात परतीच्या वाटेवर शेंगा सोलणे व भाजी निवडणे हे नित्याचे असते. पश्चिम रेल्वेवर 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी सुरू झाली. मध्य रेल्वेवरही नंतर अशी गाडी आली.

याच वेळेच्या टंचाईतून स्थानिक व्यवसाय वाढले, आणि डोंबिवलीचे खरे वैशिष्ट्य येथे दिसते. स्थानकाबाहेर चिरलेली व निवडलेली भाजी विकणाऱ्या स्त्रिया, मोजून पोळ्या देणारी पोळी-भाजी केंद्रे, दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेणारी घरे, संध्याकाळच्या शिकवण्या आणि पाळणाघरे, म्हणजे आईच्या कामाच्या वेळात मूल सांभाळण्याची सशुल्क घरगुती सोय, यांचे ग्राहक मुख्यतः नोकरदार कुटुंबेच असतात. प्रसूतिलाभ अधिनियमातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 26 आठवड्यांची केली आणि 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. परंतु गर्दीच्या लोकलमधून तान्हे मूल कचेरीपर्यंत न्यायचे कसे, याचे उत्तर कायद्यात नाही, त्यामुळे इमारतीतल्याच एखाद्या काकूंचे पाळणाघर अधिक उपयोगी ठरते. पोळ्या लाटणाऱ्या, धुणीभांडी व केरफरशी करणाऱ्या स्त्रिया मात्र बहुधा आसपासच्या चाळी, झोपडवस्त्या व गावठाणांतून येतात, एका दिवसात अनेक घरे करतात, आणि त्यांची स्वतःची मुले थोरल्या मुलीच्या किंवा शेजारणीच्या हवाली असतात.

मोबदला मिळूनही व्यवसाय म्हणून न मोजली जाणारी कामे यापेक्षा वेगळी. टपाल खात्याच्या आवर्ती ठेवींचे हप्ते दारोदार गोळा करणाऱ्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट दलालीवर काम करतात, तर 1975 पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविकांना वेतन नव्हे, मानधन मिळते. घरी साड्या विकणारी किंवा लोणची घालणारी स्त्री विचारल्यावर स्वतःला गृहिणीच म्हणवते. 2011 च्या जनगणनेत शेतकरी, शेतमजूर व घरगुती उद्योगातील कामगार वगळता उर्वरित सर्वांना ‘इतर कामगार’ या एकाच गटात घातले असल्याने बँकेतील अधिकारी आणि तिच्या घरची पोळ्यावाली बाई एकाच रकान्यात बसतात. उपनगराच्या अभ्यासाला ही वर्गवारी जवळपास निरुपयोगी आहे.

महाराष्ट्राने 2008 मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला व 18 ते 60 वयोगटातील घरकामगारांच्या नोंदणीची तरतूद केली. कामाचा दर, महिन्याच्या सुट्ट्या आणि खाड्याचे पैसे मात्र आजही घरमालकीण व बाई यांच्या तोंडी बोलण्यांवरच ठरतात.