तारेत ओवलेला कागद

परभणीच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानात गादीशेजारी एक तार टांगलेली असायची. खाली लाकडी चकती, वर आकडा. काट्याची चिठ्ठी, हमालीची पावती, ट्रकची बिल्टी, जे येईल ते तारेत खोवायचे. तार भरली की उतरवायची, सुतळीने बांधायची आणि माळ्यावर टाकायची. या तारेत एक शिस्त आपोआप यायची. जुना कागद तळाशी, नवा वर. कुणी काही न लावताच तारखेचा क्रम लागलेला.

‘फाईल’ हा शब्द अशाच तारेतून आला आहे. लॅटिनमध्ये ‘फिलुम’ म्हणजे सूत. युरोपात कागद दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून ठेवत, तो ओवलेला सर म्हणजे फाईल. आपल्याकडचा जुना शब्द ‘दप्तर’. तो फारसीतून आला, आणि त्याचे मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेले कातडे. पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत, म्हणून तिथे आजही मोजदाद रुमालांत होते. तार, रुमाल, गठ्ठा ही सगळी कागद एकत्र धरून ठेवण्याची साधने झाली. त्यातला कोणता कागद कधी सोडून द्यायचा, हे त्यांतले एकही सांगत नाही.

कागद कधी सोडायचा हे सांगणाऱ्या नियमांचा मूळपुरुष मला वाटतो तो महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांतला ‘अ-ब-क-ड’. प्रकरण निकाली निघाले की त्यावर वर्ग घालायचा. ‘अ’ म्हणजे कायम. ‘ब’ 30 वर्षे. ‘क-1’ 10 वर्षे, ‘क’ 5 वर्षे. ‘ड’ एक वर्ष, मग नष्ट. यातली हुशारी अशी की कागदाचे वय त्याच्या मरणाच्या दिवशी ठरत नाही. काम संपताक्षणी, सगळे डोक्यात ताजे असताना ठरते. पुढे रेकॉर्ड रूममधल्या माणसाने फक्त वर्ग आणि तारीख पाहायची. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धत आहे, आणि तिच्यातला एक गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचाच असतो. नियम होते, तरी गठ्ठे छताला लागतच होते. 1980 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी बदलली, साचलेले दप्तर वर्गवार लावून घेतले, आणि ‘लखिना पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले.

संगणकाने तार, गठ्ठा, वर्ग सगळे आत घेतले. 1981 च्या झेरॉक्स स्टार संगणकाने पडद्यावर फोल्डरची चित्रे दाखवली. त्याआधीच 1970 च्या दशकात बेल लॅबच्या युनिक्समध्ये ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्राम आला होता. ठरलेल्या वेळी ठरलेला हुकूम चालवायचा, एवढेच त्याचे काम. रात्री दोन वाजता उठून अमुक दिवसांपेक्षा जुन्या तात्पुरत्या फाइली पुसून टाक, असे त्याला सांगून ठेवता येते. म्हणजे ‘ड’ वर्गच, फक्त झाडू मारणारा माणूस लागत नाही. आजच्या विंडोजमध्ये ‘स्टोरेज सेन्स’ आहे. किती दिवस न उघडलेली फाईल काढायची, ते त्यात निवडता येते: 1, 14, 30 की 60. डाउनलोड्सच्या फोल्डरसाठी मात्र मूळ सेटिंग ‘कधीच नाही’ असे असते. बनवणाऱ्यांनी हा निर्णय मालकावर सोडला, ते मला पटते.

माझा भाचा परभणीत सेवा केंद्र चालवतो. खरीप पीकविम्याच्या दिवसांत त्याच्याकडे रांग लागते. आधार, सातबारा, बँकेचे पासबुक, एकामागून एक स्कॅन. संध्याकाळी डाउनलोड्समध्ये शेकडो फाइली, आणि नावे सगळी आकड्यांची. ती मोंढ्यातली तारच होती, फक्त उतरवणारे कुणी नव्हते. यात पसाऱ्यापेक्षा मोठी काळजी आहे. लोकांच्या ओळखीचे कागद परक्या मशीनवर पडून राहतात. म्हणून एका रविवारी आम्ही बसलो आणि नियम लिहिले. आधार आणि पासबुकाचे स्कॅन अर्ज भरला की त्याच रात्री जावेत. भरलेल्या अर्जाची पावती नाव आणि तालुका लावून वर्षाच्या फोल्डरमध्ये जावी. हे दोन नियम तासाभरात झाले. मग एका फोल्डरपाशी अडलो.

2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या रेकॉर्ड रूम उघडल्या. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तेव्हाचे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्म-मृत्यूची नोंदवही लोक शोधू लागले. उर्दू वाचणारे, मोडी वाचणारे बोलवावे लागले. ज्या कागदाकडे पिढ्यान् पिढ्या कुणी पाहिले नव्हते, त्यावरची पणजोबांच्या नावापुढची ‘कुणबी’ ही तीन अक्षरे एका घराचे भवितव्य ठरवू लागली. साठ दिवस न उघडलेली फाईल, हे माप त्या कागदाला लावले असते तर?

भाच्याच्या त्या फोल्डरमध्ये अशाच नोंदींचे स्कॅन होते. गिऱ्हाइकांनी प्रती काढून नेल्या होत्या, काहींनी ‘तुझ्याकडेच असू दे’ म्हणून सांगितले होते. प्रत्येकाला फोन करून विचारायचे ठरले. ठेवा म्हणणाऱ्यांचे स्कॅन त्याने वेगळ्या फोल्डरमध्ये घातले, गावाचे नाव आणि नोंदीचे साल लावले, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत केली. नियमांच्या यादीत त्या फोल्डरसमोर दिवसांचा रकाना होता. त्यात त्याने ‘अ’ लिहिले.