सुजलेले पाय, लपलेली भूक

मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि वर्धेच्या खोऱ्यातला कापूस थेट बंदराकडे निघाला. पुलगाव वाढले ते याच कापसावर. परंतु ते ज्या मध्य प्रांतात होते, त्या प्रांताने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ सोसले.

दुष्काळ म्हटला की आपल्याला हाडांचे सापळे आठवतात. सुजलेले पाय त्या चित्रात बसत नाहीत. तरीही भुकेची ती जुनी खूण आहे. दोन्ही पावले सुजतात, अंगठ्याने दाबले की खळगा पडतो आणि सावकाश भरतो. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटल्याने पाणी बाहेर झिरपते, ही त्याची रूढ उपपत्ती. ती अपुरी असल्याचे आता दिसते. आहार मिळताच सूज पुष्कळदा आधी उतरते, अल्ब्युमिन मागाहून वाढते.

हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारानेही पाय सुजतात, हे खरेच. पण कुपोषित बालकाच्या दोन्ही पावलांवरची सूज आज तीव्र कुपोषणाचे लक्षण मानतात, वजन कितीही भरो. कारण तराजू पाणीही तोलतो. दुष्काळाचा इतिहास वाचताना आम्हाला म्हणूनच वाटते, की भरल्यासारख्या दिसणाऱ्या देहांचीही गणना व्हावी.