घाटाचा उतार आणि चाकाचा लगाम

मावळांतील परंदवडी हें गांव सोमाटण्याजवळचें. पावसाळ्यांत तेथें भातखाचरांचा चिखल असतो, आणि जवळच्या वाटेनें मुंबईस निघालेल्या प्रत्येक वाहनास लोणावळ्यापुढें बोरघाट उतरावाच लागतो. म्हणून ब्रेकचा इतिहास सांगावयाचा, तर तो याच घाटापासून सांगणें योग्य.

१८३० सालीं गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत घाटाचा गाडीरस्ता खुला झाला. उतारावर बैलांच्या मानेवर येणारा भार कमी करण्यास चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबणें हाच उपाय होता. घर्षणानें वेगाची उष्णता होते, व ती उष्णता कोठें तरी जावी लागते. ब्रेकचें सारें शास्त्र याच एका गोष्टींत आहे. लाकूड करपूं लागलें कीं लगाम सुटला!

१८६३ सालीं घाटांतून आगगाडी धांवूं लागली, तेव्हां हा प्रश्न उग्र झाला. सुमारें पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढ, आणि कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट असा उतार. खंडाळ्यानजीकच्या उलटण स्थानकावर गाडी थांबवून दिशा बदलावी लागे. ती थांबली नाहीं, तर पुढें कडाच होता. गाडी ताब्यांत असल्याची खात्री पटेपर्यंत तिला चढाच्या आडमार्गाकडेच वळती ठेवण्याची घाटांतील सोय याच भीतींतून निघाली. हातानें आवळावयाच्या ब्रेकनंतर हवेचे व निर्वाताचे ब्रेक आले. १९२९ सालीं नवा मार्ग होऊन तें उलटण स्थानक बंद पडलें. विजेचीं इंजिनें तर उतारावर वीज उत्पन्न करून ती तारेस परत देऊं लागलीं.

मोटारींत डिस्कची कल्पना इंग्लंडांतील फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं पेटंट केली. तांब्याच्या पट्ट्या कर्कश ओरडत व लवकर झिजत, त्यामुळें ती मागें पडली. १९५३ सालीं ल मां येथील शर्यत डिस्कच्या जॅग्वारनें जिंकली, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे गेलें. ड्रम तापला कीं फुगून आंतील पॅडांपासून दूर जातो. डिस्क उघड्या हवेंत असते आणि पाणी झाडून टाकते.

हल्लीं लोणावळ्याच्या परिसरांत प्रवाशांसाठीं चार जाड चाकांचीं ए. टी. व्ही. वाहनें फिरतात. त्यांच्या डिस्कचा खरा शत्रू चिखल. त्यांतील रेती पॅडांत रुतून डिस्कवर चरे पाडते. म्हणून फेरीनंतर चाकें धुवावीं. मात्र पॅडांस तेल किंवा ग्रीस लागूं देऊं नये. एखादें चाक विनाकारण तापत असेल, तर तें उचलून हातानें फिरवावें. जड फिरल्यास कॅलिपरच्या सरकत्या पिना अथवा दट्ट्या अडकला आहे असें समजावें.

तेलाची पातळी खालीं गेली कीं लोक घाईनें तेल ओततात. हें बरें नव्हे. प्रथम पॅड पाहावे, कारण पॅड झिजले कीं पातळी आपोआप उतरते. नंतर गळती शोधावी. या तेलास हवेंतील ओल शोषण्याची खोड आहे. डॉट ४ जातीचें कोरडें तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं. ओल शिरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरूं शकते. मग लांब उतारावर वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. दांडा हातास मऊ लागतो, गाडी मात्र थांबत नाहीं. म्हणून तेल साधारण दोन वर्षांनीं बदलावें आणि उतारावर खालचा गियर ठेवावा.

दांडा थंड असतांही मऊ लागत असेल, तर कारागीर ज्यास ‘एअर काढणें’ म्हणतात तें करावें: दांडा दाबून धरावा, निपल किंचित् सैल करावा, बुडबुडे बाहेर पडूं द्यावे, निपल आवळावा, मगच दांडा सोडावा. टांकीतील तेल मधूनमधून भरावें. ती रिकामी झाली कीं हवा पुन्हां शिरते. बुडबुडे थांबेपर्यंत हेंच करावें, आणि पहिली चांचणी सपाट जागेवर, मंद गतीनें घ्यावी.