घट, वारूळ आणि स्वप्न : जगत्कर्तृत्वाच्या वादाचा इतिहास

जैनांच्या ‘उवासगदसाओ’ या अर्धमागधी आगमग्रंथाच्या सातव्या अध्ययनात पोलासपूर नगरातील सद्दालपुत्त नावाच्या एका संपन्न कुंभाराची कथा आली आहे. हा कुंभार आजीवक पंथाचा उपासक होता. जगात जे जे घडते ते सर्व पूर्वीच नियत झालेले असते, पुरुषप्रयत्नाला त्यात काहीही स्थान नाही, असे त्या पंथाचे प्रवर्तक मस्करी गोशाल यांचे मत. महावीरांनी या कुंभाराला विचारले की, उन्हात वाळत घातलेली ही भांडी प्रयत्नाने घडली की प्रयत्नावाचून? स्वमताला अनुसरून त्याने प्रयत्नावाचून, असे उत्तर दिले. तेव्हा महावीरांनी पुढचा प्रश्न केला. कोणी ही भांडी चोरली किंवा फोडली, अथवा तुझ्या पत्नीशी दुर्वर्तन केले, तर तू काय करशील? त्याला मी कठोर शासन करीन, असे सद्दालपुत्त तत्काळ म्हणाला. सर्वच नियत असेल तर चोराचा अपराध तो कोणता, हे मग महावीरांना फारसे समजावून सांगावे लागले नाही.

ही कथा लहान असली तरी एका महान वादाचे मर्म तिच्यात साठवलेले आहे. हे विश्व कोणी हेतुपूर्वक रचले आहे, की ते केवळ भासमान आहे, की कोणत्याही हेतूवाचून सहज घडून आले आहे, हा प्रश्न वरवर पाहता आकाशातील ताऱ्यांविषयीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शेवटी कुंभाराच्या अंगणात येऊन पोचते. चोराला चोर म्हणावयाचे की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

प्रश्न अर्थातच फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताने सृष्टीच्या उगमाविषयी विचार करून अखेरीस तो संशयातच ठेवला. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगत्कारणाविषयीच्या निरनिराळ्या मतांची यादीच दिली आहे. काल, स्वभाव, नियती, यदृच्छा, पंचमहाभूते आणि पुरुष अशी तीतील नावे आहेत. उपनिषदाला ही मते मान्य नाहीत. परंतु त्यांचा नामनिर्देश करावा लागला, यावरून ती त्या काळी समाजात प्रचलित होती हे उघड आहे. गोशालांचा नियतिवाद तर राजाश्रय मिळण्याइतका प्रबळ झाला होता. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने गयेजवळील बराबर टेकडीवर आजीवकांना दिलेल्या लेणी आजही उभ्या आहेत.

यदृच्छावाद्यांचा आवडता दाखला काट्याचा होता. काट्याला टोक कोणी काढले? ते आपोआपच तीक्ष्ण असते; तसेच जग. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात हा पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन केले आहे. पुढे नैयायिकांनी ईश्वरसिद्धीसाठी जो युक्तिवाद उभारला, त्याचा पाया मात्र घट हाच होता. घट हे कार्य आहे, म्हणून त्याला कुंभार हा कर्ता असतो; पृथ्वी, अंकुर इत्यादीही कार्येच आहेत; सबब त्यांनाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. मिथिलेचे उदयनाचार्य यांनी या विचाराला ‘न्यायकुसुमांजली’त परिपूर्ण रूप दिले. त्यांच्या ‘लक्षणावली’चा शक 906, म्हणजे इ. स. 984, असा काळ मिळतो. विश्व अकस्मात उद्भवले असे मानले तर अमुक वस्तू अमुक वेळीच का उत्पन्न होते, याचा उलगडा होत नाही, हे त्यांनी आरंभीच दाखविले. जीवांच्या सुखदुःखातील वैचित्र्य त्यांच्या अदृष्टामुळे येते आणि त्या अदृष्टाचा अधिष्ठाता ईश्वर होय, असा त्यांचा सिद्धांत.

घटाच्या या युक्तिवादावर सर्वांत मार्मिक आघात उदयनांच्या तीनशे वर्षे आधीच झाला होता. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी ‘प्रमाणवार्तिका’त वारुळाचा दृष्टांत पुढे केला. घट मातीचा विकार आहे, तसे वारूळही मातीचाच विकार आहे. मग वारूळही कुंभाराने केले असे अनुमान करावयाचे काय? ज्या प्रकारची रचना कर्त्याने केलेली आपण प्रत्यक्ष पाहिली आहे, तिच्यावरूनच कर्त्याचे अनुमान करता येते. केवळ ‘रचना’ या शब्दाच्या साम्यावरून नव्हे. वेदप्रामाण्य मानणारे मीमांसक कुमारिल भट्ट हे बौद्धांचे कट्टर विरोधक होते, तथापि या बाबतीत ‘श्लोकवार्तिका’त त्यांनीही सृष्टिकर्त्याच्या कल्पनेला विरोधच केला. त्यांचा प्रश्न अधिक हृदयस्पर्शी होता. ईश्वराने करुणेने जग निर्मिले म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करण्यास कोणी दुःखी जीवच नव्हता. आणि करुणेनेच निर्मिले असते तर त्याने केवळ सुखमय जग का केले नाही?

युरोपात हाच वाद फार उशिरा रंगला. डेव्हिड ह्यूम यांचे धर्मविषयक संवाद त्यांच्या मृत्यूनंतर 1779 मध्ये प्रसिद्ध झाले. जग यंत्रापेक्षा वनस्पतीसारखे अधिक दिसते, हा त्यांतील आक्षेप वारुळाच्या दृष्टांताच्या जवळ जातो. 1802 मध्ये विल्यम पेली यांनी माळावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला देऊन कारागिराचे अनुमान केले. तो घटाचाच नवा अवतार होय. 1859 मध्ये डार्विन यांनी हेतूवाचूनही सजीवांची सुबक रचना कशी सिद्ध होऊ शकते, हे नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाने स्पष्ट केले आणि वारुळाच्या बाजूला मोठेच बळ प्राप्त झाले.

तिसरा पक्ष स्वप्नाचा. चौथ्या-पाचव्या शतकातील वसुबंधू यांनी ‘विंशतिका’ या छोट्या ग्रंथात बाह्य पदार्थ मानण्याची गरजच नाही, असे प्रतिपादन केले. स्वप्नातही पदार्थ ठराविक स्थळी व काळी दिसतात. आणि स्वप्न खोटे होते हे जागे झाल्यावरच कळते. येथे प्रतिपक्षी विचारतो की, देहच नाहीत तर मेंढ्या मारणाऱ्या खाटकाला हिंसेचे पाप कसे लागते? वसुबंधूंनी हा प्रश्न टाळला नाही. एका चित्ताचा दुसऱ्या चित्तावर प्रभाव पडून त्याची जीवनधारा तुटते, तेच मरण, असे सांगून त्यांनी ऋषींच्या कोपाने ओसाड पडलेल्या दंडकारण्याचे उदाहरण दिले. जग स्वप्नवत् ठरले तरी खाटक दोषमुक्त होत नाही.

‘योगवासिष्ठा’तील लवण राजाची कथा याहून विलक्षण आहे. एका ऐंद्रजालिकाच्या मायेने तो राजा भरसभेत थोडा वेळ निश्चेष्ट होतो. तेवढ्या अवधीत तो चांडाळांच्या वस्तीत गृहस्थ होऊन, वृद्ध होऊन, दुष्काळात अग्निप्रवेशापर्यंत सारे आयुष्य भोगून परततो. आणि पुढे विंध्याच्या परिसरात शोध घेता ती वस्ती व तेथील शोकाकुल माणसे त्याला खरोखरच आढळतात. 2003 मध्ये निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने संगणकाच्या परिभाषेत हाच संशय पुन्हा उपस्थित केला. एक तर प्रगत संस्कृती त्या अवस्थेला पोचण्यापूर्वीच नष्ट होत असतात, किंवा पूर्वजांची कृत्रिम जगे निर्माण करण्यात त्यांना स्वारस्य नसते, किंवा आपणच बहुधा अशा एखाद्या जगात आहोत. या तिहींपैकी एक तरी खरे असले पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. तिसरे खरेच आहे, असा त्याचा आग्रह नाही.

या तिन्ही पक्षांना ओलांडून शंकराचार्यांनी जी भूमिका घेतली, ती पुष्कळदा चुकीच्या रीतीने सांगितली जाते. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात सांख्यांचे खंडन करताना ते प्रासाद, शय्या, आसने यांचा दाखला देऊन अचेतनाकडून अशी रचना होत नाही, असे म्हणतात. त्याच पादात केवळ अनुमानाने सिद्ध केलेल्या तटस्थ ईश्वराचेही ते खंडन करतात. आणि बौद्ध विज्ञानवाद्यांना उत्तर देताना जागृती ही स्वप्नासारखी नाही, कारण स्वप्नाचा जागृतीने बाध होतो, तसा जागृतीचा होत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगतात. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार सत्यच होय.

गोव्यात या विचारांच्या दोन परंपरा शेजारी नांदत आल्या आहेत. फोंडा तालुक्यातील कवळे येथील मठ गौडपादाचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असून अद्वैताचा अनुयायी आहे, तर काणकोण तालुक्यातील पर्तगाळीचा मठ मध्वपरंपरेतील. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांनी जग सत्य आणि पंचविध भेदही सत्य असे ठामपणे मांडले. एकाच सारस्वत समाजातील कुटुंबे या दोन्ही मठांची शिष्य आहेत. त्याच तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचेच खंडन करून विश्व हा चैतन्याचा विलास आहे, असा निराळाच मार्ग दाखविला.

विसाव्या शतकात यदृच्छेला अनपेक्षितपणे भौतिकशास्त्रात स्थान मिळाले. रेडियमचा अमुक एक अणुगर्भ केव्हा फुटेल, हे सांगता येत नाही. पण त्याच्या कोणत्याही साठ्यापैकी निम्मा भाग सुमारे 1600 वर्षांत क्षय पावतो, हे निश्चित सांगता येते. ही अनिश्चितता आपल्या अज्ञानामुळेच भासत असावी, या शंकेची कसोटी जॉन बेल यांनी 1964 मध्ये सुचविली आणि आलँ आस्पे यांच्या 1982 मधील प्रयोगांनी ती अधिक कठोरपणे लावली. या परंपरेतील कार्यासाठी आस्पे, क्लाउझर व त्साइलिंगर यांना 2022 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुटसुटीत अशी दडलेली स्थानिक कारणे मानून निसर्गाचा हा व्यवहार उलगडत नाही, एवढे त्यातून निष्पन्न झाले. मात्र ही यदृच्छा काट्याच्या दाखल्यातील यदृच्छेप्रमाणे नियमशून्य नाही. तिलाही गणिताची मर्यादा आहे.

सुमारे अडीच हजार वर्षांच्या या वादात कोणताही पक्ष कायमचा विजयी झालेला दिसत नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उदयनांचे अदृष्ट, कुमारिलांचा दुःखाविषयीचा प्रश्न, वसुबंधूंचा खाटक आणि शंकराचार्यांचे व्यावहारिक सत्य, ही सर्व एकाच चिंतेची रूपे आहेत. जगाची उपपत्ती अशी असू नये की, जिच्या योगाने दुसऱ्याचे दुःख खोटे ठरेल किंवा आपला अपराध कोणा दुसऱ्याच्या माथी मारता येईल. ज्या मताने ही चिंता सोडून दिली, त्या आजीवक पंथाचा आज एकही अनुयायी उरलेला नाही. त्याच्या लोपाची कारणे अनेक असतील. पण त्याच्या सिद्धांताचे वैगुण्य एका कुंभाराच्या अंगणात, उन्हात वाळणाऱ्या मडक्यांपाशी, त्याच्याच उपासकाच्या तोंडून पूर्वीच प्रकट झाले होते.