दुसऱ्याच्या पायातले बूट

गेल्या नोव्हेंबरात इथल्या एका चॅरिटी शॉपमधून आठ पौंडांना बुटांची एक जोडी घेतली. तपकिरी कातड्याचे, घोट्याच्या वर येणारे, तळ जाड, टाच बाहेरच्या बाजूने थोडी झिजलेली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या चिखलाला असेच बूट लागतात, आणि पोस्टडॉकच्या पगारात नवे घ्यायचे म्हणजे महिनाभर हिशेब करावा लागतो. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवले. तिने किंमत विचारली नाही.

"कुणाच्या पायातले गं?"

"काय माहीत."

"मग घरात कशाला आणलेस? निदान डेटॉलने तरी पूस."

त्याच दुकानातून घेतलेला लोकरी कोट गेल्या वर्षी तिला फार आवडला होता. तोही कुणाच्या तरी अंगातलाच. पुस्तकं, कपबशा, स्वेटर सगळं चालतं, फक्त बूट चालत नाहीत. आणि तिच्या बोलण्यात आधी 'कुणाच्या' आलं, मग 'डेटॉल'. माझं काम सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलं, त्यामुळे हा क्रम डोक्यात राहिला. जंतूंची भीती तर शे-दीडशे वर्षांची. मग हा 'कुणाच्या' कुठून आला?

तो आला फार लांबून. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाने काय करू नये याची लांबलचक यादी आहे. दुसऱ्याने वापरलेले जोडे, वस्त्र, जानवं, दागिना, माळ आणि कमंडलू वापरू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आजच्या वाचकाला हा आरोग्याचा सल्ला वाटेल, आणि "आपल्या पूर्वजांना जंतू ठाऊक होते" असे निरोप व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्यांना तर नक्कीच वाटेल. पण मग त्याच परंपरेतली दुसरी बाजूही वाचायला हवी. गौतम धर्मसूत्राच्या दहाव्या अध्यायात शूद्राची कर्तव्यं सांगताना म्हटलं आहे, की त्याने वरच्या वर्णांचे टाकून दिलेले जोडे, छत्र्या, कपडे आणि आसनं वापरावीत. मनूच्या दहाव्या अध्यायातही सेवक शूद्राला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत असं आहे.

दोन्ही नियम शेजारी ठेवले की आरोग्याचा मुद्दा गळून पडतो. वापरलेला जोडा रोगट असता तर तो कुणालाच द्यायचा नव्हता. इथे तो द्यायचा आहे, फक्त घ्यायचा नाही. म्हणजे किळस एकाच दिशेने वाहते, वरून खाली. आमच्या घरी जुन्या चपला कामाला येणाऱ्या बाईंना दिल्या जायच्या, आणि त्या देताना कुणी कधी डेटॉल शोधलं नव्हतं. ही गोष्ट मला आईला फोनवर सांगता आली नाही. अजूनही सांगितलेली नाही.

आता लंडन. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गरिबांच्या पायात नवा बूट क्वचितच पडायचा. जुन्या बुटांची पेठ सेव्हन डायल्सजवळच्या मॉन्मथ स्ट्रीटवर होती. चार्ल्स डिकन्सने १८३६ साली या रस्त्यावर एक लेख लिहिला. त्यात तो तळघरातल्या दुकानाबाहेर मांडलेले बूट पाहून त्यांच्या जुन्या मालकांची कल्पना करतो, आणि शेवटी ते बूट एकमेकांबरोबर नाचायला लागतात. पुढे या रस्त्याचं नाव डडली स्ट्रीट झालं. गुस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराने १८७२ च्या आपल्या लंडनवरच्या पुस्तकात त्याचं चित्र काढलं आहे. फरसबंदीवर बुटांच्या रांगा, मागे तळघरात उतरणारी भोकं, आणि आजूबाजूला मुलं. आज लंडनला जाऊन मॉन्मथ स्ट्रीट शोधाल तर तो सापडेल, पण तो हा नव्हे. जुना रस्ता १८८६ मध्ये पुऱ्या झालेल्या शाफ्ट्सबरी अॅव्हेन्यूच्या पोटात गेला. मॉन्मथ हे नाव नंतर शेजारच्या दुसऱ्याच रस्त्याला मिळालं.

त्या तळघरांत बसून जुन्या बुटांना नवं रूप देणाऱ्या कारागिरांना इंग्रजीत 'ट्रान्सलेटर' म्हणत. होय, भाषांतरकाराला जो शब्द आहे तोच. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकऱ्यांवर जे प्रचंड पुस्तक लिहिलं त्यात हे लोक येतात. फेरीवाल्यांनी घरोघर फिरून गोळा केलेले फाटके बूट ते जोडीवारी विकत घेत. एकाचा तळ, दुसऱ्याचं वरचं कातडं, तिसऱ्याची टाच अशी जोडाजोड करून त्यातून एक चालणारी जोडी काढत. कातड्यातल्या भेगा बुजवायला 'क्लॉबर' नावाचा काळा लेप असे. कडांवरून मेण आणि काजळीची कांडी फिरवली आणि वर काळं पॉलिश चढवलं की बूट खिडकीत ठेवण्याजोगा होई. पुढचा पाऊस पडेपर्यंत तो तसा राही.

या सगळ्या खटाटोपात स्वच्छता म्हणावी असं काय होतं? चिखल खरवडणं, पुसणं, वाळवणं, घासून चमकवणं. सगळं बाहेरून. बुटाच्या आत, जिथे आधीच्या माणसाचा घाम मुरलेला आहे, तिथे पाहण्याचं गिऱ्हाइकालाही कारण नव्हतं. त्याला बूट 'नवा दिसायला' हवा होता, कारण फाटक्या बुटाच्या माणसाला काम मिळत नसे. मला या कारागिरांबद्दल आदर वाटतो, पण त्यांची विद्या झाकण्याची होती हे मान्य करायला हवं.

आतल्या भागाकडे सरकारचं लक्ष गेलं ते देवी, टायफस आणि स्कार्लेट फीव्हरमुळे. १८७५ च्या ब्रिटिश सार्वजनिक आरोग्य कायद्यात, संसर्ग झालेले कपडे, अंथरूण किंवा चिंध्या निर्जंतुक न करता विकणं, उसने देणं किंवा कुणाला नुसते देणं यासाठीही पाच पौंडांपर्यंत दंड ठेवला होता. नगरपालिकांना निर्जंतुकीकरणाची यंत्रं बसवण्याचा अधिकार मिळाला. लवकरच दाबाखालच्या वाफेची मोठी लोखंडी पिंपं आली. गाद्या, घोंगड्या, कोट एका बाजूने आत जात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येत.

पण बूट त्या पिंपात घालता येत नव्हते. कातडं म्हणजे प्रथिन. ओल्या वाफेत ते आकसतं, वाकडं होतं, वाळलं की लाकडासारखं कडक होतं. म्हणून निर्जंतुकीकरणाच्या सूचनांमध्ये कातडं, रबर आणि फर यांना वाफ देऊ नका, अशी तंबी असे. त्यांना कार्बोलिकच्या फडक्याने पुसायचं. म्हणजे पुन्हा बहुतांशी बाहेरूनच. ही फट भरून निघाली १८९० च्या दशकात, फॉर्मल्डिहाइडमुळे. हा वायू बुटाच्या आत पोचतो, आणि कातड्याचं तो फारसं बिघडवत नाही. फॉर्मलिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा बुटात घालायचा, जोडी बंद पेटीत एक-दोन दिवस ठेवायची, मग वास पूर्ण जाईपर्यंत उघड्यावर वारा द्यायचा. त्वचारोगतज्ज्ञ हा उपाय विसाव्या शतकात बराच काळ सांगत राहिले. आता कुणी करू नये. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केलं.

जाता जाता एक मराठी संदर्भ आठवतो. निर्जंतुकीकरणाचा हाच काळ म्हणजे आपल्याकडे प्लेगचा काळ. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घरं तपासायला आणि 'शुद्ध' करायला शिरले, तेव्हा लोकांच्या तक्रारींत एक ठळक तक्रार होती, की ते बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात येतात. जंतू मारायला आलेला माणूसच घर बाटवत होता. दोघेही आपापल्या परीने स्वच्छतेबद्दलच बोलत होते.

बुटाच्या आत खरंच काय असतं, याचं उत्तर मात्र मला सगळ्यात जास्त चकित करून गेलं. जुन्या बुटातून येणारा सर्वांत नेहमीचा पाहुणा म्हणजे पायाच्या बोटांतली बुरशी, ट्रायकोफायटन रुब्रम. गळून पडलेल्या त्वचेच्या कणांवर ती महिनोन्‌महिने जिवंत राहू शकते. आल्दो कास्तेल्लानी या इटालियन डॉक्टरने १९१० मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हा तो सिलोनमध्ये काम करत होता. बुरशीतज्ज्ञांचा जुना कयास असा, की ही बुरशी मूळची आग्नेय आशिया, पश्चिम आफ्रिका या बाजूची. तिथल्या अनवाणी माणसांच्या अंगावर ती गजकर्ण म्हणून राहत होती, पायाच्या बोटांत तिला फारसं जमत नव्हतं. मोकळ्या, कोरड्या पायावर ती करणार काय? मग बूट घातलेले युरोपी सैनिक आणि अधिकारी आले. बंद, उबदार, घामट बूट हे तिला नवं घर मिळालं. त्यांच्याबरोबर ती युरोप-अमेरिकेत गेली, महायुद्धांत पसरली, सामायिक न्हाणीघरांत आणि तरणतलावांवर स्थिरावली. १९३० च्या दशकात अमेरिकन जाहिरातींनी तिला 'अॅथलीट्स फूट' असं रुबाबदार नाव लोकप्रिय करून दिलं.

थोडक्यात, या दुकानातल्या गोऱ्या माणसाच्या बुटातून मला काही लागलंच, तर ती बहुधा आमच्याच बाजूची कुणी असेल, साम्राज्याचा फेरा मारून परत आलेली. धर्मसूत्रातली किळस वरून खाली वाहत होती. बुरशीला त्याची माहिती नव्हती.

आता माझ्या जोडीचं काय केलं ते सांगते, कारण आईने ते तीनदा विचारलं. आतला सुटा सोल काढून फेकला. तो धुवून काही फायदा नाही, नवा दोन पौंडांत मिळतो. लेस मशीनमध्ये ६० अंशांवर धुतल्या. ३० अंशांच्या धुण्यातून ही बुरशी वाचते, ६० च्या धुण्यातून वाचत नाही. आतून साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसून घेतलं, मग बुरशीनाशक फवारा मारला आणि वर्तमानपत्राचे बोळे भरून जोडी आठवडाभर रेडिएटरपासून लांब ठेवली, कारण जवळ ठेवली की कातडं तडकतं. बोळे रोज बदलले. आमच्या विभागातल्या एकाने बूट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलं होतं. हा सल्ला इथे बरेच जण देतात. वास थोडा कमी होत असेल. पण प्रयोगशाळांत बुरशीचे नमुने टिकवण्यासाठीच गोठवून ठेवतात, तेव्हा मी माझे मटार तिथेच राहू दिले.

डेटॉल आणलं नाही. आईला आणलं म्हणून सांगितलं.

राहिली टाच. ती आधीच्या माणसाच्या चालीने झिजली होती. त्याचं वजन बाहेरच्या बाजूला पडत असणार, आणि दोन दिवसांत माझा उजवा गुडघा कुरकुरू लागला. जुन्या बुटांबद्दल पायांचे डॉक्टर जंतूंइतकीच याचीही काळजी करतात. शनिवारी बाजारातल्या बूट दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने जोडी उलटी करून पाहिली, अंगठा टाचेवरून फिरवला, "चांगलं कातडं आहे," म्हणाला, आणि दोन्ही टाचा बदलायचे चौदा पौंड सांगितले. बूट आठ पौंडांचे. मी म्हटलं, बदला.