दगडातील पोकळी : झिओलाईटची अडीचशे वर्षांची कहाणी



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्यांनी दगडांच्या इतिहासावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. वस्तूचे वस्तूपण तिच्या द्रव्यात असते की तिच्या रचनेत, यावर आम्ही मंडळी वर्गात वर्षानुवर्षे खडू झिजवतो. तोच प्रश्न प्रयोगशाळांनी आणि कारखान्यांनी हातात घेतला तेव्हा काय झाले, हे पाहायचे असेल तर सिलिकेटांसारखे दुसरे उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

द्रव्य म्हणाल तर अगदी सामान्य. पृथ्वीच्या कवचाच्या वजनात ऑक्सिजन आणि सिलिकॉन मिळूनच जवळजवळ तीन चतुर्थांश भरतात. त्यात ॲल्युमिनियम मिळवले की आकडा ८० टक्क्यांच्या पुढे जातो. मधे सिलिकॉनचा एक अणू आणि भोवती चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार अणू, ही झाली मूळ वीट. या विटा एकमेकींना कशा जोडल्या यावर पुढचे सगळे अवलंबून. पापुद्र्यांसारख्या जोडल्या की अभ्रक होतो, टाल्कम पावडरीचा शंखजिरा होतो. चहूबाजूंनी घट्ट बांधल्या की गारगोटी. वितळवून अस्ताव्यस्त गोठवल्या की काच. आपल्या घराचे सिमेंट म्हणजे मुख्यतः कॅल्शियमची सिलिकेटेच.

म्युनिकच्या योहान फॉन फुक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्यात विरघळणारी काच केली, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमची सिलिकेटे. जळून गेलेले तिथले नाट्यगृह पुन्हा उभारताना आगीपासून संरक्षण म्हणून तिचा लेप दिला गेला. हेच सोडियम सिलिकेट आज कपड्यांच्या साबणात असते, पुठ्ठ्याची खोकी चिकटवायला लागते, आणि कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत वाळूचा साचा घट्ट करायलाही वापरतात. वाळूत ते कालवायचे आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा, साचा दगडासारखा होतो. यावर एक वेगळे व्याख्यान होईल. आज आपल्याला जायचे आहे ते या घराण्यातल्या एका विलक्षण शाखेकडे.

विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा. काळा पाषाण लागला की तो कपाळाला हात लावतो आणि मांजऱ्या लागला की त्याचा चेहरा उजळतो. पांढरे ठिपके, पांढऱ्या गाठी असलेला हा खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा त्यातल्या वायूचे बुडबुडे थिजून राहिले. पुढे त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपले आणि त्यातून पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवट स्फटिक वाढले. अजिंठ्याला गेलात तर फेरीवाले जे चमकते दगड आपल्या हातात कोंबतात, त्यांतले बरेच हेच. स्टिल्बाईट, ह्युलँडाईट, स्कोलेसाईट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा असे सुंदर नमुने निघाले आणि युरोपातल्या संग्रहालयांपर्यंत पोचले. आज ते पाहायला सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे, जरूर पाहावे.

मात्र या दगडांना नाव मिळाले ते स्वीडनमध्ये. १७५६ साली आक्सेल क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने असा एक स्फटिक फुंकणीच्या ज्योतीत धरला, तर तो फसफसला, उकळल्यासारखा दिसला. ग्रीक भाषेतले उकळणे आणि दगड हे दोन शब्द जोडून त्याने झिओलाईट असे नाव दिले. उकळत होते ते दगडाच्या आत बसलेले पाणी. पुढे १८४० मध्ये फ्रान्सच्या दामूर यांनी दाखवले की हे पाणी काढून टाकले तरी स्फटिक मोडत नाही, आणि ओलावा मिळाला की तो पुन्हा पाणी पितो. म्हणजे पाणी त्या घराचे बांधकाम नव्हते, भाडेकरू होते.

आता आपल्याकडे घटाकाशाचा दृष्टान्त आहे. मडक्यातले आकाश आणि बाहेरचे आकाश एकच, मडके फुटले की भेद संपला. वेदान्ताला तो पुरेसा आहे. झिओलाईटला नाही. कारण इथे भिंती उदासीन नाहीत. रचनेत जिथे जिथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो, तिथे एक ऋण भार शिल्लक राहतो. तो फेडायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे धन भाराचे आयन पोकळीत येऊन बसतात. ते भिंतीला खिळलेले नसतात, दुसरा आला की जागा सोडतात. म्हणून या पोकळीला स्वभाव आहे. पुढची सगळी हकीकत या स्वभावाची आहे.

पहिली चाहूल शेतात लागली. इंग्लंडमध्ये १८५० च्या सुमारास टॉमसन आणि वे या दोघांनी पाहिले की मातीतून अमोनियाचे द्रावण गाळले तर अमोनिया मातीतच राहतो आणि खालून चुन्याचे क्षार बाहेर पडतात. आपली काळी माती खत धरून ठेवते ती अशाच अदलाबदलीने, पण तिथे काम करतात ती पापुद्र्यांची सिलिकेटे. मातीतला हा व्यवहार नेमक्या झिओलाईट स्फटिकांतही होतो, हे जर्मनीच्या आयखहोर्न यांनी १८५८ मध्ये दाखवले. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट गान्स यांनी तशी सिलिकेटे कृत्रिमरीत्या बनवून जड पाणी मऊ करायला वापरली. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना जड पाणी समजावून सांगायला नको. त्या पाण्यातला कॅल्शियम आत घ्यायचा आणि बदल्यात सोडियम सोडायचा, एवढेच काम. पण यातून पुढे मोठा प्रश्न सुटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायला फॉस्फेट घालत. ते सांडपाण्यातून तळ्यांत जाई, शेवाळ माजे, शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपे आणि मासे मरत. अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या ईरी सरोवराची अवस्था साठच्या दशकात एवढी वाईट झाली की लोक ते मेले असे म्हणू लागले. सत्तरच्या दशकात जर्मनीच्या हेंकेल कंपनीने आणि इतरांनी फॉस्फेटऐवजी कृत्रिम झिओलाईट ए ची बारीक भुकटी वापरायला सुरुवात केली. वजनाने पाहिले तर कृत्रिम झिओलाईटचा सर्वांत मोठा वापर पुढे धुण्याच्या पावडरीतच झाला. सांडपाण्यातून फॉस्फरस इतर वाटांनीही येतो, त्यामुळे पावडर बदलली की तळे स्वच्छ झाले असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण एक मोठी वाट अरुंद झाली, हे खरे.

हा झिओलाईट ए आला कुठून? मागे १९२५ साली वायगेल आणि श्टाइनहोफ यांनी पाहिले होते की चाबाझाईट नावाचा झिओलाईट पाणी आणि अल्कोहोल आत घेतो, पण बेंझीन घेत नाही. दार अरुंद, बेंझीनचा रेणू जाड. १९३२ मध्ये मॅकबेन यांनी अशा पदार्थांना रेणूंची चाळणी म्हटले. निसर्गाला हे स्फटिक घडवायला फार मोठा काळ लागतो. ते काही तासांत आणि एकसारखे घडवता येतील का, यावर इंग्लंडात रिचर्ड बॅरर काम करत होते. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातले रॉबर्ट मिल्टन १९४९ च्या सुमारास झिओलाईट ए आणि एक्स यांच्यापर्यंत पोचले. ही युनियन कार्बाइड म्हणजे भोपाळवाल्यांचीच मूळ कंपनी. एकाच घरातून काय काय निघते पाहा. लिंडेचा धंदा हवेतून ऑक्सिजन वेगळा करण्याचा. मिल्टन शोधत होते ते त्यासाठी उपयोगी पडेल असे काही. हा धागा लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

चाळणीचे अस्सल काम बघायचे तर साखर कारखान्यात जावे. मळीपासून केलेले अल्कोहोल कितीही ऊर्ध्वपातन करा, साधारण ९५-९६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्धता लागते. पूर्वी हे शेवटचे पाणी काढायला बेंझीन घालत, आणि बेंझीनने कर्करोग होतो. आता ती वाफ तीन अँगस्ट्रॉम दारांच्या झिओलाईटमधून नेतात. पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. भरलेले दाणे सुकवून पुन्हा वापरायचे. २००१ साली इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पहिले प्रयोग ज्या मोजक्या ठिकाणी झाले त्यांत आपले मिरज आणि मनमाड होते. उसाच्या दराच्या, इथेनॉलच्या कोट्याच्या चर्चा आपण रोज ऐकतो. त्या अर्थकारणाच्या मुळाशी एका रेणूच्या जाडीचा हिशोब आहे.

पेट्रोल शुद्धीकरणात १९६० च्या दशकापासून जड तेलाचे रेणू तोडायला झिओलाईट आले, आणि एकाच पिंप कच्च्या तेलातून जास्त पेट्रोल मिळू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्सिलाईट हे उत्प्रेरक घडवले, आणि ऐंशीच्या दशकात ते बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये प्रत्यक्ष चालले. परदेशी परवान्याशिवाय असे काही उभे राहणे त्या काळात सोपे नव्हते. या माणसांची नावे आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

रचनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तुर्कस्तानात कप्पाडोकिया भागात काराईन नावाचे गाव आहे. तिथे फुफ्फुसाच्या आवरणाचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग घरोघर आढळे. सत्तरच्या दशकात इझेत्तिन बारिश यांनी त्याचा माग काढला. कारण निघाले एरिओनाईट, तिथल्या ज्वालामुखी राखेच्या दगडातला एक नैसर्गिक झिओलाईट. त्याच दगडाची घरे, त्याचीच धूळ. मूलद्रव्ये तीच, जी पाणी मऊ करणाऱ्या झिओलाईटात असतात. फक्त हा स्फटिक सुईसारख्या तंतूंत वाढतो, आणि श्वासाबरोबर गेलेला तंतू फुफ्फुसातून निघत नाही. १९८७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत घातले. ॲस्बेस्टॉस हेही तंतूंचे सिलिकेटच. आपल्याकडे छपराच्या सिमेंट पत्र्यांसाठी ते अजूनही आयात होते. रसायनाचे नाव वाचून वस्तू निरुपद्रवी ठरवणारे जे लोक असतात, त्यांना काराईन दाखवावे.

आता ऑक्सिजन. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. झिओलाईट एक्सच्या दारातून दोन्ही सहज आत जातात, म्हणजे इथे चाळणी हा शब्द फसवा आहे. फरक पडतो तो स्वभावाने. पोकळीतले सोडियमचे किंवा लिथियमचे आयन नायट्रोजनला अधिक ओढतात. दाबाखाली हवा सोडली की नायट्रोजन अडकतो, ऑक्सिजन पुढे जातो. दाब सोडला की नायट्रोजन निघून जातो आणि दाणे पुन्हा रिकामे. दोन टाक्या आळीपाळीने हे करत राहतात. हवेतला आर्गॉन ऑक्सिजनबरोबरच बाहेर येतो, म्हणून शुद्धता ९५ टक्क्यांच्या आसपास थांबते. रुग्णाला तेवढी पुरते. घरी भाड्याने आणतात त्या कॉन्सन्ट्रेटरमध्येही हेच दाणे असतात.

एप्रिल २०२१ चे ते आठवडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, वर्णन करत नाही. त्या महिन्यात पवईच्या आयआयटीत एक प्रयोग झाला. नायट्रोजन बनवणारा संच होता, त्यातले कार्बनचे दाणे काढून झिओलाईट भरले, आणि त्याच संचातून ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळाला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात बदल करून ऑक्सिजन तयार करायला घेतला. संरक्षण संशोधन संस्थेने तेजस विमानाच्या वैमानिकासाठी विकसित केलेले तंत्र रुग्णालयांच्या संचांसाठी दिले. यंत्रे जमली, कारागीर जमले. मग अडले कुठे? झिओलाईटपाशी. मे महिन्यात एअर इंडियाची विमाने थेट रोमहून झिओलाईट भरून बंगळूरला उतरली.

विरोधाभास बघा. ज्या देशातल्या घाटाघाटांत झिओलाईट आहे, त्याला ते विमानाने आणावे लागले. पण यात आश्चर्य नाही. आपल्या मांजऱ्यातले स्फटिक विखुरलेले, अनेक जातींचे आणि वेगळ्या दारांचे. संग्रहालयाला ते हवे असतात, ऑक्सिजनच्या टाकीला चालत नाहीत. तिला हवे असतात एका मापाचे, योग्य आयन भरलेले, कोरडे दाणे, आणि ते टनावारी करणारा कारखाना. वाळू, ॲल्युमिना, कॉस्टिक सोडा, सगळे आपल्याकडे आहे. द्रव्य होते, रचना करणारा हात त्या वेळी पुरेसा नव्हता. दख्खनच्या पठाराचा अभिमान बाळगणाऱ्या भाषणांत ही गोष्ट सहसा येत नाही.

त्यानंतर देशभर जिल्हा आणि तालुका रुग्णालयांत असे संच बसले. त्यांच्याबाबत एक साधी अडचण आहे आणि तिचे मूळ क्रोनस्टेटच्या फुंकणीतच आहे. झिओलाईटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी अधिक प्रिय. संच महिनोन्महिने बंद राहिला आणि पावसाळी हवा आत शिरली की पोकळ्या पाण्याने भरतात, मग नायट्रोजनला जागा उरत नाही आणि बाहेर येतो तो ऑक्सिजन कमी शुद्धतेचा. म्हणून रुग्ण नसला तरी संच अधूनमधून चालवावा लागतो, हवा आधी कोरडी करणारे यंत्र नीट ठेवावे लागते आणि शुद्धता मोजून नोंदवावी लागते. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात असा संच असेल तर तो शेवटचा कधी चालला आणि वहीत शुद्धता किती लिहिली आहे, एवढे दोन प्रश्न तिथे जाऊन विचारता येतील.

आता तुमचे प्रश्न घेऊ.