अंडं, केळं आणि 12 ग्रॅम

गिरणीतली रात्रपाळी संपवून वणीला घरी गेलो की बहिणीचा पोरगा हटकून विचारतो, "मामा, शाळेत अंडं पुन्हा कधी मिळायचं?" मी गप्प. एका अंड्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. पुस्तकं धुंडाळून जमवला, तो इथं मांडतो.

1920 साली मद्रास महापालिकेने गरिबांच्या पोरांना शाळेत जेवण द्यायचं ठरवलं. ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पार्टीचं ते काम. 1989 साली तमिळनाडूने त्या ताटात अंडं वाढलं. केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 ला आली, ती महिन्याला 3 किलो धान्य देण्याची. 2001 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने बजावलं, शिजवलेलं अन्न द्या. मग खिचडी आली. मी त्याच खिचडीवर वाढलो.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने मापच लिहून दिलं. पाचवीपर्यंतच्या पोराला दिवसाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, पुढं आठवीपर्यंत 700 आणि 20. म्हणजे हे दान नाही, हक्क आहे.

2023 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने आठवड्याला एक अंडं सुरू केलं. न खाणाऱ्याला केळं. लगेच काहींचा धर्म बाटला, ओरड झाली. 2025 च्या जानेवारीत सरकारने अंड्याचा पैसाच काढून घेतला. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणे! 5 रुपयांचं अंडं जड झालं.

ज्याला अंडं नको त्याने खाऊ नये. त्याला पर्याय मिळालाच पाहिजे, यात माझं दुमत नाही. पण पर्याय तोलामोलाचा हवा. अंड्यात 6 ग्रॅम प्रथिनं, केळ्यात जेमतेम 1. म्हणजे शाकाहारी पोरगंही फसलंच. 30 ग्रॅम फुटाणे नाहीतर 25 ग्रॅम शेंगदाणे दिले असते तर हिशेब जुळला असता. पण ओरडणाऱ्यांचं भांडण प्रथिनांचं नव्हतंच, सोवळ्या-ओवळ्याचं होतं.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. मांस खाणारा हलका, असं त्यांनी मानलं नाही. उलट 'द अनटचेबल्स' या 1948 च्या ग्रंथात त्यांनी दाखवलं, की ताटातल्या अन्नावरून माणसाला गावाबाहेर कसं काढलं. आज शाळेतलं ताट बघताना मला तेच आठवतं.

म्हणून नुसत्या घोषणा पुरेशा नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश आईबाप असतात. आपल्या वस्तीतल्या आयाबायांना तिथं बसवा. लहान पोरामागे 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ हे सरकारी माप आहे. तराजू घेऊन जा. डाळ पडते का बघा. कमी भरली तर लेखी मागा.

पुढच्या सुट्टीत मी बहिणीला घेऊन समितीच्या बैठकीला जाणार आहे. भाच्याला उत्तर तिथूनच आणीन.

जयभीम.